संशोधनाचा पैसा कुणाच्या दारी जातो?

मे २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने पुढच्या वर्षीच्या खर्चाचा प्रस्ताव मांडला आणि प्रयोगशाळांमध्ये धास्ती पसरली. वैद्यकीय संशोधनाला पैसे पुरवणारी तिथली सर्वात मोठी सरकारी संस्था म्हणजे एनआयएच. तिचा निधी सुमारे ४० टक्क्यांनी कमी करावा, असं त्यात सुचवलं होतं. गणितापासून समुद्रशास्त्रापर्यंतच्या विषयांना पोसणाऱ्या एनएसएफ या संस्थेला तर निम्म्याहून मोठी कात्री लावली होती. कृत्रिम बुद्धिमत्ता आणि क्वांटम तंत्रज्ञान हे दोन विषय मात्र त्याच प्रस्तावात जपलेले होते.

प्रस्ताव झाला म्हणजे निर्णय झाला असं नाही, शेवटचा शब्द संसदेचा असतो. पण बातमी वाचणाऱ्याला प्रश्न पडतोच. कर्करोगाला किती, कृष्णविवरांना किती, भूकंपाला किती, भाषांच्या अभ्यासाला किती, हे ठरतं तरी कसं? कोण कुठे बसून ठरवतं?

खरं सांगायचं तर तसं कुणी बसलेलंच नसतं. कुठल्याही देशात सगळे विषय समोर मांडून, त्यांचं महत्त्व तोलून पैसे वाटणारं एकच टेबल नाही. पैसा वेगवेगळ्या वाटांनी येतो, आणि या वाटांच्या मधली जागा बऱ्याचदा कोरडी राहते. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

तिजोरी एक नाही

आधी दोन-तीन शब्द समजून घेऊ. १९६३ मध्ये इटलीतल्या फ्रास्काती गावात तज्ज्ञांची बैठक झाली आणि संशोधनावरचा खर्च मोजायची एक पद्धत ठरली. आजही बहुतेक देश तीच वापरतात. तिच्यात संशोधनाचे तीन प्रकार आहेत. एखादी गोष्ट कशी घडते एवढंच जाणून घेण्यासाठी केलेलं ते मूलभूत संशोधन. ठरावीक अडचण सोडवण्यासाठी केलेलं ते उपयोजित. आणि हाती असलेल्या ज्ञानातून प्रत्यक्ष वस्तू, औषध किंवा यंत्र घडवायचं काम म्हणजे विकास.

प्रगत देशांत या तिन्हींवर मिळून होणाऱ्या खर्चापैकी साधारण ७० टक्के काम कंपन्यांमध्ये होतं. हा आकडा ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं, कारण संशोधन म्हटलं की डोळ्यांसमोर विद्यापीठ येतं. पण कंपन्यांचा बहुतेक पैसा तिसऱ्या प्रकारावर, म्हणजे विकासावर जातो: पुढच्या वर्षीचा फोन, पुढची गाडी, पुढची गोळी. मूलभूत संशोधनाचा मोठा भार सरकारं आणि विद्यापीठं उचलतात. त्यांच्या जोडीला काही मोठे न्यासही असतात. लंडनचा वेलकम ट्रस्ट हा त्यांतला एक. हेन्री वेलकम या औषध-उद्योजकाच्या मृत्युपत्रातून तो १९३६ मध्ये उभा राहिला.

कंपनीला नफा हवा असतो. सरकारला संरक्षण, आरोग्य, रोजगार आणि पुढची निवडणूकही सांभाळायची असते. न्यासाला संस्थापकाची इच्छा पाळायची असते. विद्यापीठाला आपले विभाग चालवायचे असतात. एखादा विषय या चौघांपैकी कुणाच्याच कारणात बसला नाही, तर त्याला पैसे नाकारले जातात असंही म्हणता येत नाही. त्याची फाईल कुणाच्या टेबलावर पोचतच नाही.

पाटाचं पाणी

सरकारी पैसा वरून खाली कसा येतो, हे पाटाच्या पाण्यावरून चांगलं समजतं. धरणातून कालवा, कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतं. कुठल्या शेताला किती पाणी मिळेल हे पिकाच्या गरजेवर थोडंच अवलंबून असतं. चारी कुठून खणली आहे, त्यावर ते जास्त अवलंबून असतं. टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

पहिला फाटा मंत्रालयांमध्ये फुटतो. अमेरिकेत सरकारी संशोधन-निधीपैकी जवळपास निम्मा संरक्षणाकडे जातो. तो देताना कुणी 'संरक्षण की हवामान' अशी तुलना केलेली नसते, कारण दोन्ही खर्च वेगवेगळ्या समित्या वेगवेगळ्या दिवशी मंजूर करतात. दुसरा फाटा खात्याच्या आत फुटतो. इथे सवयीचं वजन फार मोठं असतं. गेल्या वर्षी ज्याला जितकं मिळालं त्यात थोडी भर किंवा थोडी घट, असाच बहुतेक अर्थसंकल्प तयार होतो. त्यामुळे आजच्या वाटपात कित्येक दशकांपूर्वीच्या काळज्या गोठून राहिलेल्या असतात.

एनआयएचकडेच पाहा. तिच्या पोटात २७ संस्था आणि केंद्रं आहेत. कर्करोगाची संस्था १९३७ ची, हृदयरोगाची १९४८ ची, डोळ्यांची १९६८ ची. ज्या आजाराच्या नावाची संस्था आहे, त्याच्यासाठी दरवर्षी अर्थसंकल्पात एक ओळ असते, त्याची बाजू मांडणारा संचालक असतो, प्रस्ताव घेऊन रांगेत उभे राहणारे संशोधक असतात. जो आजार दोन अवयवांच्या मध्ये पडतो किंवा ज्याचं नीट नावच ठरलेलं नाही, त्याला आधी दार शोधावं लागतं.

तिसरा फाटा प्रत्यक्ष प्रकल्पांचा. राजकारण्यांनी ढोबळ दिशा ठरवावी, कुठला प्रकल्प चांगला हे मात्र शास्त्रज्ञांनीच ठरवावं, असा एक संकेत अनेक देश पाळतात. ब्रिटनमध्ये त्याला हॉल्डेन तत्त्व म्हणतात, आणि त्याचं मूळ १९१८ च्या एका सरकारी अहवालात शोधलं जातं. संकेत चांगला आहे. पण तो तिसऱ्या फाट्यापुरताच. पाणी कुठल्या चारीत सोडायचं हे त्याआधीच ठरून गेलेलं असतं.

मागणाऱ्याला मिळतं

डिसेंबर १९६९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक पानभर जाहिरात झळकली. ती थेट राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना उद्देशून होती: तुम्ही कर्करोग बरा करू शकता. मेरी लास्कर या धनाढ्य आणि जिद्दी समाजसेविकेने वैद्यकीय संशोधनाला सरकारी पैसा मिळावा म्हणून कित्येक वर्षं नेत्यांचे उंबरठे झिजवले होते. या मोहिमेमागेही त्याच होत्या. दोन वर्षांनी, डिसेंबर १९७१ मध्ये, निक्सन यांनी राष्ट्रीय कर्करोग कायद्यावर सही केली आणि त्या विषयाकडे पैशाचा ओघ वाढला.

पुढे एड्सच्या साथीत रुग्णांनी स्वतःच हे काम हाती घेतलं. आपण मरतोय आणि प्रयोग संथ चाललेत, हे सांगायला ते १९९० मध्ये एनआयएचच्या आवारात जाऊन धडकले. त्यानंतर अनेक वर्षं, २०१५ पर्यंत, एनआयएचच्या निधीपैकी साधारण १० टक्के एड्सवरच्या संशोधनासाठी राखून ठेवले जात. १९९६ च्या सुमारास अनेक औषधं एकत्र देण्याची पद्धत आली आणि मरणाच्या वाटेवरची माणसं कामावर परतली.

मागणी करणं चुकीचं आहे असं मला म्हणायचं नाही, उलट त्या रुग्णांच्या मागणीने लाखो जीव वाचले. अडचण वेगळीच आहे. मागायला वेळ लागतो, आवाज लागतो, ओळखी लागतात, आणि मागणारा जिवंत असावा लागतो. जो आजार लवकर मारतो, किंवा ज्यांच्याकडे शब्द नाहीत अशांना गाठतो, त्याची जाहिरात कोण देणार?

१९९९ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात याचा हिशोब प्रसिद्ध झाला. कुठल्या आजाराला एनआयएच किती पैसे देते आणि त्या आजाराचं समाजावर ओझं किती, यांची तुलना त्यात होती. ओझं मोजायचे मार्ग अनेक: किती जणांना होतो, किती मरतात, मृत्यू आणि अपंगत्व मिळून निरोगी आयुष्याची किती वर्षं जातात. आजार किती जणांना होतो याच्याशी निधीचा काही संबंध दिसला नाही. गमावलेल्या निरोगी वर्षांशी बऱ्यापैकी दिसला. म्हणजे वाटप अगदीच अंदाधुंद नव्हतं. तरी एड्स आणि स्तनांचा कर्करोग यांना त्या हिशोबाने अपेक्षेपेक्षा जास्त मिळत होतं. धूम्रपानाशी जोडला गेलेला फुप्फुसांचा जुनाट विकार आणि जन्माच्या आसपास बाळांना होणारे त्रास यांना कमी. नवजात बाळं मोर्चा काढत नाहीत.

मग ओझ्याच्या प्रमाणात सरळ वाटून टाकू?

ही सूचना रास्त आहे आणि पहिल्यांदा ऐकताना पटतेही. पण निव्वळ महत्त्व पाहून पैसे ओतले की उत्तर मिळतं, असं घडत नाही. विषय पिकलेला आहे का, हेही पाहावं लागतं.

चंद्रावर माणूस उतरवायचं १९६१ मध्ये ठरलं. १९६६ मध्ये अमेरिकी सरकारच्या एकूण खर्चापैकी ४ टक्क्यांहून जास्त पैसा नासाकडे जात होता आणि १९६९ मध्ये माणूस उतरला. पण तिथे जाण्यासाठी लागणारं मूळ शास्त्र न्यूटनच्या काळापासून हाताशी होतं. उरलं होतं ते अवाढव्य अभियांत्रिकी काम, आणि असं काम पैसे व माणसं लावून पुढे ढकलता येतं. हेच यश डोळ्यांसमोर ठेवून कर्करोगाविरुद्धची मोहीम आखली गेली. तिथे मात्र निरोगी पेशी बिघडते कशी, हेच १९७१ मध्ये कळलेलं नव्हतं. पाया नसताना मजले चढवायला निघाल्यासारखं ते होतं.

पाया सापडला तो अनपेक्षित ठिकाणी. कोंबड्यांना गाठ येते ती एका विषाणूमुळे, हे पेटन राउस यांनी १९११ मध्ये दाखवलं होतं. त्या विषाणूतला गाठ निर्माण करणारा जनुक मुळात कोंबडीच्या स्वतःच्या निरोगी पेशींतून आलेला आहे, हे मायकल बिशप आणि हॅरल्ड व्हार्मस यांनी १९७६ मध्ये सिद्ध केलं. कर्करोगाची बीजं आपल्याच जनुकांत असतात, हा शोध तिथून फुलला. दोघांना १९८९ चं नोबेल मिळालं. १९११ मध्ये कुणी रोगाच्या ओझ्याप्रमाणे पैसे वाटले असते, तर कोंबडीच्या गाठीला किती मिळाले असते?

म्हणून जाणकार माणसं एकाच वेळी तीन गोष्टी पाहतात. प्रश्न किती मोठा, तो आत्ता सुटण्याजोगा किती, आणि त्यावर आधीच दुसरं कुणी खर्च करतंय का. तिसरी गोष्ट सर्वात जास्त विसरली जाते. खच्चून भिजलेल्या शेतात आणखी एक घागर ओतली तर फरक दिसत नाही. तीच घागर कोरड्या वाफ्यात ओतली तर रोप तगतं. विषयाला एकूण किती मिळतं यापेक्षा पुढची घागर कुठे उपयोगी पडेल, हा प्रश्न विचारायला हवा. तो विचारला जातो फार क्वचित.

बाजारावर सोडलं तर?

'कंपन्याच करतील की, गरज असेल तिथे नफा असतोच,' असं अनेकांचं म्हणणं असतं. काही बाबतींत ते खरंही आहे. फोनचा पडदा आणखी चांगला व्हावा म्हणून सरकारने पैसे द्यायची गरज नाही.

पण ज्ञानाची एक अडचण आहे. ते गळतं. मूलभूत शोध लावायला एकाने खर्च केला तरी तो वापरायला सगळे मोकळे. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड नेल्सन यांनी १९५९ मध्ये आणि केनेथ अॅरो यांनी १९६२ मध्ये हे नेमकं मांडलं. शोधाचा फायदा सगळ्यांत वाटला जात असेल, तर कुठलीही एक कंपनी त्यावर समाजाला हवा तितका खर्च करणार नाही. त्यात पेटंटची मुदत साधारणपणे अर्ज केल्यापासून २० वर्षं. आजार होऊच नये यासाठी दिलेल्या औषधाचा परिणाम सिद्ध करायला पंधरा वर्षं लागली, तर कमवायला उरलं काय? शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णावर औषधाचा परिणाम काही महिन्यांत कळतो. त्यामुळे कर्करोगातही कंपन्यांच्या चाचण्या प्रतिबंधापेक्षा शेवटच्या टप्प्याकडे झुकलेल्या दिसतात.

प्रतिजैविकांची गोष्ट तर याहून अवघड आहे. जुन्या औषधांना दाद न देणारे जंतू वाढतायत, नवं प्रतिजैविक हवंच आहे. पण नवं औषध आलं की डॉक्टर ते जपून ठेवतात, शेवटचा उपाय म्हणून, आणि तसंच करायला हवं. मग ते खपत नाही. अकाओजेन या कंपनीच्या नव्या प्रतिजैविकाला जून २०१८ मध्ये मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. औषध काम करत होतं, गरजही होती. म्हणून २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये वेगळी रीत आजमावायला सुरुवात झाली: काही प्रतिजैविकांसाठी किती गोळ्या खपल्या यावर पैसे न देता दर वर्षाला ठरावीक रक्कम द्यायची. अग्निशमन दलाला आपण आगी मोजून पगार देत नाही, तसंच हे.

आणि मग ज्यांच्या खिशातच पैसे नाहीत त्यांचे आजार. आफ्रिकेत त्सेत्से माशीमुळे होणारा निद्रारोग मेंदूपर्यंत पोचला की उपचाराविना माणूस मरतो. १९४९ पासून त्यावर मेलार्सोप्रॉल नावाचं आर्सेनिकयुक्त औषध टोचलं जात होतं. शिरेतून जाताना ते जाळत जायचं, आणि उपचार घेणाऱ्या दर शंभरातले सुमारे पाच जण त्या औषधानेच दगावायचे. याच रोगावर चालणारं फेक्सिनिडाझोल हे संयुग एका युरोपीय औषध कंपनीने तयार केलं होतं. १९८० च्या दशकात त्याचं काम थांबलं आणि ते कपाटात पडून राहिलं. गिऱ्हाईकच नव्हतं.

२००३ मध्ये दुर्लक्षित आजारांवरच्या औषधांसाठी डीएनडीआय ही ना-नफा संस्था स्थापन झाली. जुन्या संयुगांची धूळ झटकताना तिला २००५ मध्ये फेक्सिनिडाझोल पुन्हा सापडलं. युरोपच्या औषध नियामकाने नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याला अनुकूल अभिप्राय दिला. दहा दिवस तोंडाने घ्यायच्या गोळ्या. ना सुई, ना जळजळ. त्याच २०१८ साली जगात या रोगाचे नोंदलेले नवे रुग्ण हजाराच्या खाली आले. त्यामागे गावोगाव फिरून तपासणी करणाऱ्या पथकांची अनेक वर्षांची मेहनतही होती.

मधली वीस-पंचवीस वर्षं हे औषध उपलब्ध होऊ शकलं असतं. शास्त्र अडलेलं नव्हतं, महागड्या यंत्राची वाट पाहायची नव्हती. हा मजकूर लिहिताना मला याच गोष्टीचा सर्वात जास्त त्रास होतो.

प्रस्ताव तपासणारे कोण?

पैसा शेवटी प्रकल्पाला मिळतो तो समकक्ष परीक्षणातून. म्हणजे त्याच विषयातले दुसरे संशोधक प्रस्ताव वाचतात, गुण देतात, वरच्या क्रमांकांना अनुदान मिळतं. याहून प्रामाणिक पद्धत सहज सुचत नाही, कारण न्यूट्रिनो नावाच्या सूक्ष्म कणांवरचा प्रस्ताव चांगला की वाईट हे न्यूट्रिनोवाल्याशिवाय कोण सांगणार?

पण किंमत मोजावी लागते. ऑस्ट्रेलियात २०१२ च्या एका वैद्यकीय अनुदान फेरीत ३,७२७ प्रस्ताव आले. ते लिहिण्यात संशोधकांचे एकूण किती दिवस गेले याचा अंदाज काढला तेव्हा बेरीज साधारण ५५० वर्षं भरली. त्यातले बहुतेक प्रस्ताव नाकारले गेले.

दुसरी किंमत दिसत नाही. परीक्षक अगदी कच्चे प्रस्ताव बरोबर बाजूला काढतात. पण चांगल्यांतला उत्तम कोणता, हे ओळखणं त्यांनाही कठीण जातं. अशा वेळी जो सुरक्षित वाटतो, ज्याचं नाव आधी ऐकलेलं असतं, तो पुढे सरकतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्येच दाखवलं होतं की विज्ञानात ज्याच्याकडे मान आहे त्यालाच आणखी मान मिळत जातो. कातालिन कारिको यांचं उदाहरण आता सर्वांना माहीत आहे. एमआरएनएपासून, म्हणजे पेशीला प्रथिनं कशी घडवायची ते सांगणाऱ्या रेणूपासून, औषध करता येईल या कल्पनेला त्यांना वारंवार अनुदान नाकारलं गेलं, १९९५ मध्ये विद्यापीठात त्यांचं पद खाली आणलं गेलं. ड्रू वाइसमन यांच्याबरोबरचं त्यांचं कळीचं काम २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. कोविडच्या लसी त्यावर उभ्या राहिल्या आणि २०२३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. त्या टिकून राहिल्या म्हणून ही गोष्ट आपल्याला कळली. ज्यांनी प्रयोगशाळा सोडून दुसरी नोकरी धरली, त्यांच्या कल्पना कुठल्याच यादीत नाहीत.

न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१३ पासून एका योजनेत चक्क चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. आधी प्रस्ताव पात्र आहे का ते तपासायचं, मग पात्र प्रस्तावांतून सोडत. ऐकताना विचित्र वाटतं, पण मला ती पद्धत प्रामाणिक वाटते. परीक्षकांना जो फरक दिसतच नाही, तो दिसल्याचा आव त्यात आणावा लागत नाही. सगळा निधी असा वाटावा असं मात्र मी म्हणणार नाही. मोठ्या दुर्बिणीसाठी सोडत काढता येत नाही.

मोठी यंत्रं, लहान विषय

गणिताला कागद, संगणक आणि पगार लागतो. कणभौतिकीला किलोमीटरच्या किलोमीटर बोगदा लागतो. म्हणून नुसत्या रकमांची तुलना करून 'या विषयाचे लाड होतात' असं म्हणता येत नाही. पण मोठं यंत्र एकदा सुरू केलं की ते पुढची वीस वर्षं बांधून टाकतं, आणि अर्ध्यात सोडलं तर सगळंच जातं. टेक्सासमध्ये एका महाकाय कण-त्वरकाचं, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राचं, काम अमेरिकी संसदेने १९९३ मध्ये थांबवलं, तेव्हा सुमारे २ अब्ज डॉलर खर्च झाले होते आणि २० किलोमीटरहून जास्त बोगदा खणून झाला होता. त्यातून जो पैसा वाचला, तो बाकीच्या विषयांना वाटला गेला नाही. एका विषयाची कपात म्हणजे आपली वाढ, असं मानणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी हा कडू अनुभव होता.

सामाजिक शास्त्रांची स्थिती उलटी. लागतं थोडं, मिळतं त्याहून थोडं, आणि कात्री लागली की पहिली तिथेच लागते. लस प्रयोगशाळेत तयार होते, पण माणसं ती का नाकारतात हा प्रश्न प्रयोगशाळेचा नाही.

'बिनकामाचं संशोधन बंद करा'

माशीच्या प्रजननावर सरकारी पैसे कशाला, असा सवाल कुणी विचारला तर टाळ्या पडतात. तर त्या माशीचीच गोष्ट.

स्क्रूवर्म नावाची माशी गुराढोरांच्या जखमेत अंडी घालते आणि तिच्या अळ्या जिवंत मांस खातात. एडवर्ड निपलिंग आणि रेमंड बुशलँड या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञांनी तिच्या सवयींचा बारकाईने अभ्यास केला. मादी आयुष्यात साधारण एकदाच समागम करते, हे त्यांच्या लक्षात आलं. मग वांझ नर सोडले तर? पण नर वांझ करायचे कसे? उत्तर दुसऱ्याच विषयात पडलेलं होतं. क्ष-किरणांनी फळमाशीच्या जनुकांत बदल होतात आणि प्रजननक्षमता जाते, हे हर्मन म्युलर यांनी १९२० च्या दशकात दाखवलं होतं. खुद्द क्ष-किरण म्हणजे १८९५ मधला राँटगेन यांचा भौतिकीतला शोध. या तीन धाग्यांच्या जोरावर १९५४ मध्ये कुरासाओ बेटावर वांझ नर सोडले आणि काही महिन्यांत माशी तिथून नाहीशी झाली. पुढच्या दशकांत ती अमेरिका, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून हटत थेट पनामापर्यंत गेली.

आता या यशाचा खर्च कुठल्या विषयाच्या खात्यात मांडायचा? भौतिकीच्या, आनुवंशिकीच्या की शेतीच्या? म्युलर यांना तेव्हा विचारलं असतं की फळमाशीचा उपयोग काय, तर गुरांचं नाव त्यांच्या तोंडी आलं नसतं. म्हणून एखादा विषय आज निरुपयोगी दिसतो एवढ्यावरून तो छाटणं धोक्याचं. यातून सगळ्याच कल्पनांना पैसे द्यावेत असा अर्थ निघत नाही. अनेक प्रकल्प खरोखर कुठेच पोचत नाहीत. पण कुठले, ते आधी ओळखता आलं असतं तर संशोधनाची गरजच पडली नसती.

'मग निधीच दुप्पट करा'

हेही करून झालंय. १९९८ ते २००३ या पाच वर्षांत अमेरिकेने एनआयएचचा निधी जवळपास दुप्पट केला. विद्यापीठांनी इमारती बांधल्या, नवे प्राध्यापक नेमले, पीएचडीचे विद्यार्थी वाढवले. मग वाढ थांबली. आता त्याच ताटाभोवती दुप्पट माणसं होती. मंजूर होणाऱ्या प्रस्तावांचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून काही वर्षांत २० टक्क्यांच्या आसपास उतरलं. त्या काळात शिकून बाहेर पडलेल्या तरुण संशोधकांना त्याचा सर्वात जास्त फटका बसला.

पाणी किती सोडलं याइतकंच ते किती दिवस नियमित आलं, याला महत्त्व आहे. एक संशोधक घडायला दहा-बारा वर्षं लागतात. तीन वर्षांच्या झंझावाती योजनेत तो घडत नाही. नव्या 'मिशन'ची घोषणा ऐकली की मी आधी तीन गोष्टी शोधते: रक्कम किती वर्षांवर पसरली आहे, ती नवी आहे की दुसऱ्या कुणाच्या ताटातून काढली आहे, आणि घोषणा झालेल्यापैकी प्रत्यक्ष खर्च किती झाला. बातमीत बहुधा पहिलाच आकडा ठळक असतो.

ज्याची घोषणा कधीच होत नाही

सगळ्यात शेवटी येतं ते नुसतं मोजत राहण्याचं काम. भूकंपमापक यंत्रं चालू ठेवणं, बियाण्यांचे संग्रह जपणं, रोज त्याच ठिकाणी त्याच पद्धतीने नोंद घेणं. यात नवा शोध नसतो, त्यामुळे अनुदानाच्या प्रस्तावात ते फिकं दिसतं. परीक्षक विचारतात, यात नवीन काय?

स्क्रूवर्मला पनामात रोखून धरण्यासाठी तिथे वांझ माश्या तयार करून सतत सोडाव्या लागतात. माशी २०२३ मध्ये पनामात पुन्हा पसरली आणि २०२४ च्या शेवटी मेक्सिकोत पोचली. आता पुन्हा माश्यांचे कारखाने उभारण्यावर मोठा खर्च होतोय.

चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ या ज्वालामुखी पर्वतावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची मोजणी सुरू केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग होते, आज ४२० च्या वर आहेत. पृथ्वी तापण्यामागचं कारण आपण हवेत सोडलेला वायू आहे, हे समजून घेण्यात या एका आलेखाचा वाटा फार मोठा आहे. तो चालू ठेवण्यासाठी कीलिंग आयुष्यभर पैशांसाठी झगडत राहिले. ज्या २०२५ च्या प्रस्तावापासून हा लेख सुरू झाला, त्यात मौना लोआच्या वेधशाळेचा निधीही काढून टाकण्याचं सुचवलं होतं.

त्या आलेखाचे मूळ आकडे पाहिले तर एका जागी रकाना रिकामा दिसतो. फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिल १९६४. त्या वर्षी खर्चात कपात झाली आणि यंत्र बंद ठेवावं लागलं. त्या तीन महिन्यांत त्या पर्वतावरून कसली हवा वाहून गेली, ते आता मोजता येत नाही.